क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले : मदतीचं उघडं दार (मराठी निबंध)



3 जानेवारी जवळ आली की शाळाशाळांत भाषणांची तयारी सुरू होते. मुली लुगडं नेसून सावित्रीबाई होतात, आणि बहुतेक भाषणांत ठरलेल्या गोष्टी येतात. मुलींची शाळा, अंगावर फेकलेलं शेण, पिशवीतलं दुसरं लुगडं. हे सगळं सांगायलाच हवं. पण सावित्रीबाईंच्या आयुष्याचा आणखी एक भाग आहे, तो भाषणात एका ओळीत उरकला जातो. अडचणीत सापडलेल्या माणसाने कोणाची चिठ्ठी, कोणाची ओळख न घेता स्वतःच्या पायाने यावं आणि त्याला मदत मिळावी, असं दार त्यांनी पुण्यात उघडलं होतं. एटापल्ली तालुक्यात राहणाऱ्या तुम्हा-आम्हाला या भागाची फार गरज आहे. म्हणून आज आपण सावित्रीबाईंचं चरित्र त्या दारातून पाहणार आहोत.

जन्म आणि शिक्षण

सावित्रीबाईंचा जन्म 3 जानेवारी 1831 रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगाव इथे झाला. हे गाव आज खंडाळा तालुक्यात आहे. वडील खंडोजी नेवसे हे गावचे पाटील. त्या काळच्या रीतीप्रमाणे 1840 साली, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचं लग्न पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झालं. जोतीराव तेव्हा 13 वर्षांचे होते. त्यांची आई ते लहान असतानाच वारली होती आणि सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना आईच्या मायेने वाढवलं होतं.

लग्न होऊन सासरी आल्या तेव्हा सावित्रीबाईंना अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी त्यांना घरीच शिकवायला सुरुवात केली. पुढे अहमदनगरला फॅरारबाईंच्या संस्थेत आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचं रीतसर प्रशिक्षण घेतलं. म्हणजे बघा, आज आपण ज्याला डी.एड. म्हणतो, तशी तयारी करून त्या वर्गात उभ्या राहिल्या.

1848 साली पुण्यात बुधवार पेठेतल्या भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली. बाईने शिकवणं आणि मुलीने शिकणं हे तेव्हाच्या अनेकांना पाप वाटत होतं. रस्त्याने जाताना लोक चिखल, शेण, दगड मारत. 1849 मध्ये तर सासऱ्यांवरही समाजाचा दबाव आला आणि दोघांना घर सोडावं लागलं. अशा वेळी उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरात जागा दिली. फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सहकारी शिक्षिका झाल्या.

इथे थोडं थांबू या. दुसऱ्यांना आधार देणाऱ्या सावित्रीबाईंवर स्वतःवरही बेघर व्हायची वेळ आली होती. आणि ज्यांनी दार उघडलं त्यांनी जात-धर्म मध्ये आणला नाही. पुढच्या सगळ्या कामाकडे बघताना हा प्रसंग लक्षात ठेवा.

एकच सतरंजी

1852 साली सावित्रीबाईंच्या पुढाकाराने पुण्यात महिला सेवा मंडळ निघालं. संक्रांतीला त्यांनी बायकांचा तिळगुळाचा कार्यक्रम ठेवला. त्यात सगळ्या जातींच्या बायका एकाच सतरंजीवर बसतील, असं आधीच सांगितलेलं होतं. आज आपल्याला यात विशेष काय असं वाटेल. पण ज्या काळात एकीची सावली दुसरीला चालत नव्हती, त्या काळात हे फार धाडसाचं होतं. बायका एकत्र बसल्या की बोलायला लागतात, आणि मनातलं दुःख बोलायला जागा मिळणं ही मदतीची पहिली पायरी असते.

बालहत्या प्रतिबंधक गृह

आता मुख्य गोष्ट. त्या काळी उच्चवर्णीय घरांत मुलींची लग्नं पाच-सात वर्षांच्या वयात होत. नवरा वारला की ती मुलगी जन्मभर विधवा राहायची. तिचे केस काढत, तिला एका कोपऱ्यात बसवत, आणि दुसरं लग्न करायला बंदी. अशा तरुण विधवेवर घरातल्या किंवा नात्यातल्या पुरुषाने अत्याचार केला किंवा तिला फसवलं, तर दोष मात्र तिच्याच माथी. दिवस गेले की तिच्यापुढे दोनच वाटा उरत. जीव द्यायचा, नाहीतर जन्मलेल्या बाळाला मारायचं. पुण्यात काशीबाई नावाच्या एका विधवेच्या हातून असंच घडलं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तिला फसवणारा पुरुष मात्र मोकळा राहिला.

या घटनेने फुले पती-पत्नी अस्वस्थ झाले. 1863 साली त्यांनी पुण्यात स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. अडचणीत सापडलेल्या विधवेने इथे यावं, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावं, बाळ बरोबर न्यायचं की इथेच ठेवायचं ते तिने ठरवावं, अशा मजकुराच्या जाहिराती त्यांनी वस्त्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यावर लावल्या. यायला कोणाची परवानगी लागत नव्हती. येणाऱ्या बाईचं नाव बाहेर फुटत नव्हतं. बाळंतपण, शेक-शेगडी, बाळाचं दूध-पाणी हे सगळं सावित्रीबाई स्वतः बघत.

विचार करा, ज्या घरांतून त्यांच्यावर शेण फेकलं गेलं होतं, तशाच घरांतल्या लेकी रात्री-अपरात्री त्यांच्या दारात येत होत्या. सावित्रीबाईंनी जुना हिशेब काढला नाही.

या कामाचा एक आकडा जोतीरावांनी 1884 साली सरकारला दिलेल्या टिपणात सांगितला आहे. तोवर वेगवेगळ्या ठिकाणांहून 35 विधवा या घरात येऊन बाळंत झाल्या होत्या. पण त्यांच्या बाळांपैकी फक्त 5 जगली होती. 30 गेली. का गेली? कारण इथे येण्याआधी त्या बायकांनी लाजेपायी, भीतीपायी गर्भ पाडायची जहाल औषधं घेतली होती. त्याने बाळ पोटातच अधू झालं.

मित्रांनो, हा आकडा मला सावित्रीबाईंच्या चरित्रातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दार उघडं होतं, जाहिरात लावलेली होती, आत मायेची माणसं होती. तरीसुद्धा बहुतेक बाळं वाचली नाहीत, कारण आया उशिरा आल्या. त्यांना उशीर का झाला? घरचे काय म्हणतील, गाव काय म्हणेल, ही धास्ती. मदत असून उपयोगी पडत नाही, ती वेळेवर मागावी लागते. आणि वेळेवर मागता यावी म्हणून आजूबाजूच्यांनी त्या माणसाला लाजवायचं थांबवावं लागतं. दोन्ही गोष्टी लागतात.

यशवंत

फुले दांपत्याला स्वतःचं मूल नव्हतं. या गृहात आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी 1874 साली दत्तक घेतला. त्याचं नाव यशवंत. ज्या बाळाला जग पापाचं म्हणत होतं, त्याला त्यांनी आपलं आडनाव दिलं, शिकवलं, डॉक्टर केलं. हा डॉक्टर यशवंत पुढे गोष्टीत परत येणार आहे, त्याला विसरू नका.

हौद, आणि नायगावातला प्रसंग

1868 साली फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. हौदावर यावं, पाणी भरावं, जावं.

त्याच वर्षी सावित्रीबाई माहेरी नायगावला होत्या. पंचांग सांगत फिरणारा गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण आणि अस्पृश्य समाजातली शारजा नावाची मुलगी यांचं एकमेकांवर प्रेम होतं, आणि ती गरोदर होती. गावकरी चिडले, दोघांना मारायला निघाले. हे कळताच सावित्रीबाई धावत तिथे गेल्या, मध्ये उभ्या राहिल्या, आणि इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक दाखवून त्यांनी दोघांचा जीव वाचवला. ऑगस्ट 1868 मध्ये जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हा प्रसंग कळवला आहे. शारजा त्यांच्या दारात येऊ शकत नव्हती, म्हणून त्या तिच्यापर्यंत गेल्या.

दुष्काळ

24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. तीन वर्षांतच, 1876-77 मध्ये, महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. माणसं गावं सोडून निघाली, जनावरं तडफडून मेली. सत्यशोधक मंडळींनी ठिकठिकाणी अन्नछत्रं काढली. धनकवडीला मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम सुरू झाला, तिथे भुकेल्या मुलांना जेवण मिळायचं.

सावित्रीबाई त्या वेळी जुन्नरकडे ओतूर भागात होत्या. एप्रिल 1877 मध्ये तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. दुष्काळात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना सरकारने पकडलं होतं. सावित्रीबाई थेट कलेक्टरला भेटल्या, आपली माणसं लोकांना मदत करत आहेत हे पटवून दिलं आणि त्यांना सोडवून आणलं. बघा, हीच बाई एकेकाळी पाटी गिरवत होती, आणि आता कलेक्टरसमोर न घाबरता बोलत होती. शिक्षणाचा हाही उपयोग असतो. ऑफिसात जाऊन आपलं म्हणणं मांडता येतं.

जोतीरावांनंतर

1888 मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला आणि 28 नोव्हेंबर 1890 रोजी त्यांचं निधन झालं. अंत्ययात्रेत टिटवं कोणी धरायचं यावरून वाद सुरू झाला. दत्तक मुलाला हक्क नाही असं भाऊबंद म्हणू लागले. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, टिटवं हातात घेतलं आणि पतीला अग्नी दिला. त्यानंतर सत्यशोधक समाजाची धुरा त्यांनी सांभाळली. 1893 साली सासवडला भरलेल्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या.

प्लेगची साथ आणि अखेर

1897 च्या सुरुवातीला पुण्यात प्लेगची साथ पसरली. काखेत, जांघेत गाठ येई, जोराचा ताप चढे आणि दोन-चार दिवसांत माणूस जाई. लोक इतके घाबरले होते की घरातला रोगी लपवून ठेवत. घर ओस पडेल, माणूस परत दिसणार नाही, ही भीती.

सावित्रीबाईंनी डॉक्टर यशवंतला बोलावून घेतलं आणि हडपसरजवळ ससाणे मळ्यात, गावाबाहेर, मोकळ्या हवेत दवाखाना सुरू केला. ज्या मुलाला जन्मायच्या आधीच मारलं गेलं असतं, तोच मुलगा आता शेकडोंच्या भीतीसमोर डॉक्टर म्हणून उभा होता. सावित्रीबाईंचं वय तेव्हा 66 वर्षं. त्या स्वतः वस्त्यांत जाऊन आजारी माणसं आणत. मुंढव्याच्या एका अस्पृश्य कुटुंबातल्या मुलाला प्लेग झाल्याचं कळलं, तेव्हा त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. याच सेवेत त्यांना प्लेगची लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचं निधन झालं.

आपल्या एटापल्लीत आज कोणती दारं उघडी आहेत?

आता तुम्ही म्हणाल, पुण्यातली ही दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट, आपल्या जंगलातल्या गावांना तिचं काय? सांगते.

पावसाळ्यात आपल्याकडे नाले भरतात, वाट बंद होते. गट्टा, जारावंडी, कसनसूर भागातल्या कितीतरी पाड्यांतून आजारी माणसाला खाटेवर टाकून आणावं लागतं. पोटातलं बाळ नाल्याचं पाणी उतरायची वाट बघत नाही. म्हणून सरकारने दुर्गम भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघर केलं आहे. गरोदर बाईने बाळंतपणाच्या काही दिवस आधीच तिथे येऊन राहायचं. सोबत घरचं माणूस असतं, जेवणाची सोय असते. 1863 चं ते घर आणि आजचं माहेरघर यांत मोठा फरक आहे, इथे काही लपवायचं नाही. पण दोन्हीकडे अट एकच, वेळेवर या.

अशी आणखी काही दारं आहेत. यांपैकी कशालाही कोणाची शिफारस लागत नाही. वहीत लिहून ठेवा.

• आशाताई आणि अंगणवाडी सेविका. फोनला रेंज नसलेल्या गावातही या असतात. ताप, अंगावर चट्टा, गरोदरपण, बाळाचं वजन, काहीही असो, आधी त्यांना सांगा.

• 108 आणि 102. 108 वर रुग्णवाहिका मिळते. 102 ची गाडी गरोदर माता आणि लहान बाळांसाठी आहे. दोन्ही मोफत.

• 1098. हा मुलांचा नंबर. मारहाण, बालविवाह, जबरदस्तीचं काम, वाईट स्पर्श, घरातून हरवणं, अशा वेळी मूल स्वतः फोन करू शकतं. मोठ्यांना विचारावं लागत नाही.

• 181. महिलांसाठी. घरात मारहाण होत असेल तर इथे बोलता येतं. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आहे, तिथे निवारा, पोलीस आणि वकिलाची मदत एकाच जागी मिळते.

• 14416, टेली मानस. मन उदास राहतं, झोप लागत नाही, जीव नकोसा वाटतो, परीक्षेची भीती वाटते, दारू सुटत नाही, यासाठी दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतसुद्धा. मनाचा आजार म्हणजे वेड नव्हे. ताप येतो तसंच मनही आजारी पडतं.

• सखी सावित्री समिती. 2022 पासून प्रत्येक शाळेत ही समिती असायला हवी. नाव कोणावरून ठेवलंय ते वेगळं सांगायला नको! मुलींनी, मुलांनीही, आपली तक्रार इथे सांगावी. तोंडाने सांगवत नसेल तर शाळेतल्या तक्रारपेटीत चिठ्ठी टाका.

• क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई किंवा वडील, किंवा दोघेही नसलेल्या मुलांना घरीच राहून शिकता यावं म्हणून दरमहा 2250 रुपयांची मदत आहे. जिल्ह्याच्या महिला व बाल विकास कार्यालयात अर्ज करता येतो. शाळेतल्या गुरुजींना, बाईंना विचारा, ते कागद करायला मदत करतील.

पालकहो, पुजाऱ्याकडे जायचं असेल तर जरूर जा, ती आपली श्रद्धा आहे. पण त्याच दिवशी दवाखान्यातही जा. एक आठवडा थांबून बघू म्हणू नका. मराठी नीट येत नाही, डॉक्टरांना माडिया कळणार नाही, म्हणूनही थांबू नका. शिकलेल्या मुलाला सोबत न्या, तो दोन्हीकडचं सांगेल.

आणि जे मदत देणाऱ्याच्या जागेवर आहेत, म्हणजे आम्ही शिक्षक, सिस्टर, आशाताई, ग्रामसेवक, त्यांच्यासाठीही सावित्रीबाईंच्या घरात धडा आहे. दारात आलेल्या माणसाला आधी बसायला द्यायचं, पाणी द्यायचं. इतके दिवस काय केलं, आधी का नाही आलात, हे प्रश्न नंतरही विचारता येतात. पहिल्याच वाक्यात रागावलेलं माणूस दुसऱ्यांदा येत नाही, आणि त्याचं बघून त्याच्या पाड्यातलं कोणीच येत नाही.

समारोप

सावित्रीबाईंनी शाळा काढली, कविता लिहिल्या, 1854 साली त्यांचा काव्यफुले हा संग्रह आला. त्यांच्या नावाने आज पुण्यात विद्यापीठ आहे. पण शाळा, गृह, हौद, अन्नछत्र आणि दवाखाना या पाचही ठिकाणी एकच गोष्ट दिसते. येणाऱ्याची जात, नाव, चूक, यातलं काहीही दाराबाहेर तपासलं जात नव्हतं. त्या 35 आया तिथवर पोचल्या, ही सावित्रीबाईंची कमाई. ती 30 बाळं वाचली नाहीत, याला लाजवणारा समाज जबाबदार. आपल्या गावात असा उशीर होऊ नये, एवढं तर आपण करू शकतो.

विद्यार्थ्यांसाठी उपक्रम

1. वर दिलेले पाच नंबर मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहा आणि घरात चुलीपासून लांब, सगळ्यांना दिसेल अशा भिंतीवर चिकटवा.

2. तुमच्या गावापासून सर्वांत जवळचं आरोग्य केंद्र कोणतं, पावसाळ्यात तिथे कोणत्या वाटेने जाता येतं, ते आजी-आजोबांना विचारून वहीत नकाशा काढा.

3. आपल्या शाळेच्या सखी सावित्री समितीत कोण कोण आहे, ते शोधून त्यांची नावं लिहा.

4. एखादा मित्र किंवा मैत्रीण अडचणीत आहे हे तुम्हाला कळलं, तर तिला न लाजवता तुम्ही काय म्हणाल? तुमच्या घरच्या भाषेत दोन वाक्यं लिहा.